पारसनीसांचं अनेकवचन: वेगळं आडनाव इंग्रजी वाक्यात कसं वापरावं

माझं आडनाव पारसनीस. पुण्यात बसून मी इंग्रजी मजकूर तपासून देते: प्रबंध, संशोधन-लेख, संस्थांचे अहवाल, ओळखीतल्यांच्या लग्नपत्रिकासुद्धा. सगळ्यात जास्त लाल खुणा मला माणसांच्या आडनावांभोवती कराव्या लागतात. जोशी, पाटील, कुलकर्णी निभावून जातात. पण हुजूरबाजार, श्रीखंडे, उपाध्ये, दिब्रिटो आले की लिहिणारा बिचकतो. मग कुठे अपॉस्ट्रॉफी जास्तीची पडते, कुठे एस गळतो, कुठे आधी 'द' लागतो आणि कुठे लागायचा राहून जातो.

माझं सांगणं एवढंच की आडनाव कितीही अनोळखी असलं तरी इंग्रजी व्याकरणाने त्याला स्मिथ आणि जोन्स यांच्याइतकाच मान द्यायचा. नावाच्या अंगाला हात लावायचा नाही आणि नावाच्या शेवटी जे जोडायचं ते नियमाने जोडायचं.

आधी स्पेलिंग ठरवा

वाक्यात नाव बसवण्याआधी ते कुठल्या अक्षरांनी लिहायचं हे पक्कं हवं. इथे 'बरोबर स्पेलिंग' असं काही नसतं, त्या माणसाचं स्पेलिंग असतं. १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, आलेले र. पु. परांजपे आपल्या आडनावात पी आणि ई यांच्यामध्ये वाय घालत. शकुंतला परांजपे आणि सई परांजपे यांनीही तेच ठेवलं. बाकीचे परांजपे वाय घालत नाहीत, काही जण मधे जास्तीचा ए घालतात. तिन्ही चालू आहेत आणि तिन्ही आपापल्या घरी बरोबर आहेत. संदर्भसूचीत 'एकसारखेपणा' आणायचा म्हणून रँग्लरांचा वाय खोडलेला मी पाहिला आहे. तो वाय मी दरवेळी परत घालते.

फडणीस हे तर याचं मोठंच उदाहरण. शि. द. फडणीस पीएचने सुरू करतात, देवेंद्र फडणवीस एफने. ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला तेव्हा नाना फडणवीसांना एफ-यू-आर-एन-यू-डब्ल्यू-डबल ई-एस असं लिहिलं. त्या ग्रंथातला उतारा अवतरणात देत असाल तर ग्रँट डफची अक्षरं तशीच ठेवा. तुमच्या स्वतःच्या वाक्यात मात्र आजचं रूढ रूप घ्या आणि पहिल्याच उल्लेखात दोन्ही एकच व्यक्ती असल्याचं सांगून टाका.

तुमचं स्वतःचं आडनाव असेल तर पासपोर्टवर आहे तेच प्रबंधावर, तेच लेखावर, तेच ईमेलखाली. दोन स्पेलिंगांनी लेख छापले की शोधयंत्राच्या लेखी दोन माणसं तयार होतात. कागदोपत्री स्पेलिंग बदलायचंच असेल तर राजपत्रात नोंद करा आणि मग सगळीकडे एकदमच बदला.

शेवटी एस असेल तर

चिटणीस, पोतनीस, सबनीस, कारखानीस, हसबनीस, जमेनीस, वाकनीस आणि आम्ही. ही सगळी दप्तरातली आडनावं. आमचे पूर्वज फारसी पत्रव्यवहार लिहिणारे, म्हणून पारसनीस. इंग्रजीत यांच्या शेवटी एस येतो आणि तिथेच सगळा गोंधळ सुरू होतो.

गेल्या लग्नसराईत नाशिकचा माझा भाचा पत्रिकेचा इंग्रजी मजकूर घेऊन आला. वर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं 'द पारसनीस', मग अपॉस्ट्रॉफी, मग एस, आणि खाली 'इन्व्हाइट यू'. म्हणजे वाचणाऱ्याने विचारावं, पारसनीसांचं काय? कोण बोलावतंय? मी अपॉस्ट्रॉफी खोडली आणि नावापुढे ई-एस जोडलं. तो म्हणाला, "आत्या, हे कसंतरीच दिसतंय गं. आपलं आडनाव वाटतच नाहीये."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण जोन्स घराण्यातल्या सगळ्यांना बोलवायचं तर इंग्रजीत 'द जोन्सेस' म्हणतात, ई-एस लावून, विनाअपॉस्ट्रॉफी. तसंच 'द पारसनीसेस', 'द चिटणीसेस'. डोळ्यांना ते फारच खटकत असेल तर सरळ वाट म्हणजे 'द पारसनीस फॅमिली'. आम्ही पत्रिकेवर शेवटी तेच छापलं. दोन्ही बरोबर आहेत. चूक आहे ती फक्त अपॉस्ट्रॉफी लावून केलेलं अनेकवचन. घरावरच्या पाट्यांवर, दिवाळीच्या भेटकार्डांवर, चहाच्या मगांवर ती सर्रास दिसते आणि जोशी-कुलकर्ण्यांनाही सोडत नाही. त्यांच्या पुढे नुसता एस पुरतो. कुलकर्णींचा शेवटचा आय काढून तिथे आय-ई-एस घालायचं कारण नाही. वायने संपणाऱ्या आडनावांनाही इंग्रजी तसं करत नाही, केनेडीचं अनेकवचन वाय तसाच ठेवून पुढे एस लावून होतं.

आता मालकी. एका पारसनीसाचं घर असेल तर दोन पद्धती चालतात. शिकागो मॅन्युअल ही अमेरिकेतली लेखनशैलीची नियमपुस्तिका सांगते, एसने संपणाऱ्या आडनावालाही अपॉस्ट्रॉफी आणि वर आणखी एक एस लावा. अमेरिकन वृत्तपत्रं ज्या एपी शैलीने चालतात ती सांगते, विशेषनाम एसने संपत असेल तर नुसती अपॉस्ट्रॉफी पुरे. मी पहिली पद्धत वापरते, कारण बोलताना आपण 'पारसनीसेस हाउस' असंच बोलतो आणि लिहिण्यात तो उच्चार दिसलेला बरा. तुम्ही कुठलीही घ्या, पण एका मजकुरात एकच. आणि सगळ्या पारसनीसांचं मिळून एक घर असेल तर आधी अनेकवचन करा, ई-एस लावून, आणि अपॉस्ट्रॉफी अगदी शेवटी टाका. हा क्रम लक्षात राहिला की पाटी रंगवणाऱ्याला कागदावर नीट लिहून देता येतं.

दोघांची मिळून एक वस्तू असेल तर मालकीची खूण फक्त शेवटच्या नावाला लागते. सी. ए. किंकेड आणि द. ब. पारसनीस या दोघांनी मिळून मराठ्यांचा तीन खंडांचा इंग्रजी इतिहास लिहिला. तिथे किंकेड नुसते आणि पारसनीसांपुढे अपॉस्ट्रॉफी-एस. दोघांनाही खूण लावलीत तर वाचणारा समजेल की किंकेडचा एक इतिहास आणि पारसनीसांचा दुसरा.

आडनाव जेव्हा एखाद्या गोष्टीचं नाव होतं

हा भाग मला सगळ्यात प्रिय आहे. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांचं आडनाव आज जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत आहे, आणि तिथे ते दोन वेगळ्या तऱ्हांनी वापरलं जातं.

पहिली तऱ्हा म्हणजे 'कापरेकर्स कॉन्स्टंट'. हा आकडा ६१७४. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराला पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ येतो आणि मग तिथून हलत नाही. इथे आडनावाला अपॉस्ट्रॉफी-एस आहे, म्हणजे कापरेकरांचा स्थिरांक. दुसरी तऱ्हा म्हणजे 'अ कापरेकर नंबर'. जसा ४५. त्याचा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. अशा संख्या पुष्कळ आहेत, म्हणून इथे आडनाव विशेषणासारखं नुसतं उभं आहे. त्याला मालकीची खूण नाही आणि आधी 'अ' आहे.

एवढ्या दोन उदाहरणांत जवळजवळ सगळा नियम येतो. आडनावाला अपॉस्ट्रॉफी-एस लावला की त्याच्याआधी 'द' किंवा 'अ' येत नाही. आडनाव नुसतं विशेषण म्हणून आलं तर एकवचनी नामाच्या आधी 'द' किंवा 'अ' लागतोच. नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये मांडलेली रेषीय प्रोग्रॅमिंगची पद्धत 'करमरकर्स अल्गोरिदम' किंवा 'द करमरकर अल्गोरिदम'. 'द करमरकर्स अल्गोरिदम' कधीही नाही. शरदचंद्र श्रीखंडे यांच्या नावाचा आलेख 'द श्रीखंडे ग्राफ'. श्रीराम अभ्यंकरांनी १९५७ साली मांडलेलं अनुमान 'अभ्यंकर्स कंजेक्चर', त्यालाही 'द' नको. माझ्याकडे येणाऱ्या प्रबंधांत सगळ्यात जास्त वेळा खोडलेला शब्द हाच असेल, अपॉस्ट्रॉफीवाल्या आडनावाआधीचा 'द'.

कुठलं रूप रूढ आहे ते त्या विषयाने ठरवलेलं असतं. आपल्या मनाने बदलू नये. श्रीखंड्यांच्या आलेखाला मालकीची खूण लावली तर व्याकरण मोडत नाही, पण त्या विषयातला माणूस थबकतो.

दोन माणसांच्या नावाने एक गोष्ट असेल तर दोन नावांमध्ये साधी संयोगरेषा न घालता थोडी लांब रेघ घालतात, ज्याला छपाईवाले एन डॅश म्हणतात. फ्रेड हॉयल आणि जयंत नारळीकर यांचा १९६४ चा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त 'द हॉयल–नारळीकर थिअरी' असा या रेघेने लिहायचा. आखूड संयोगरेषा घातली तर हॉयल-नारळीकर हे एकाच माणसाचं जोडआडनाव वाटेल. गणितातलं एक प्रसिद्ध अनुमान बर्च आणि स्विनर्टन-डायर या दोघांच्या नावाने आहे. तिथे बर्चनंतर लांब रेघ आणि स्विनर्टन-डायरच्या पोटात आखूड, कारण तो एकच माणूस. आपल्याकडे लग्नानंतर दोन्ही आडनावं लावणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी ही बाब कामाची. तुमच्या दोन आडनावांत आखूड संयोगरेषा, तुमच्या आणि सहलेखकाच्या नावात लांब. वर्डमध्ये कंट्रोल दाबून आकड्यांच्या पॅडवरचं वजाचिन्ह दाबलं की लांब रेघ येते. मॅकवर ऑप्शन आणि संयोगरेषा.

आडनावापासून विशेषण करायचं तर जपून. आंबेडकरांपासून 'आंबेडकराइट' रूढ झालं, गांधींपासून 'गांधियन', नेहरूंपासून मध्ये व्ही घालून 'नेहरूव्हियन'. ही रूपं वापरातून आली. तुमच्या अभ्यासविषयाच्या आडनावाला असं शेपूट रूढ नसेल तर स्वतः जोडू नका, आडनाव नुसतं नामाआधी ठेवा. 'द पारसनीस मॅन्युस्क्रिप्ट्स' इतकं पुरेसं आहे.

जेव्हा आडनाव इंग्रजी शब्दासारखं दिसतं

मोरे, दाते, साने, माने, दिवे, मुळे, काळे. रोमन अक्षरांत लिहा आणि इंग्रजी वाचणाऱ्याच्या डोळ्यांनी बघा: मोअर, डेट, सेन, मेन, डाइव्ह, म्यूल, केल. साने गुरुजींवरच्या एका लेखात पहिलंच वाक्य नुसत्या 'साने'ने सुरू झालं होतं. वाक्याच्या आरंभी पहिलं अक्षर तसंही मोठंच असतं, त्यामुळे ते विशेषनाम आहे हे कळायला वाचकाजवळ काही खूणच उरत नाही. तो 'शहाणा' असा अर्थ घेऊन पुढे जातो आणि क्रियापदाशी अडखळतो.

उपाय सोपे आहेत. अशा आडनावाने वाक्य सुरू करू नका, आधी डॉक्टर, प्रोफेसर, मिस्टर, मिझ किंवा पूर्ण नाव घाला. सगळे शब्द मोठ्या अक्षराने सुरू होणाऱ्या मथळ्यात तर पूर्ण नावच हवं. त्याच वाक्यात तो इंग्रजी शब्द येऊ देऊ नका. दात्यांनी तारीख ठरवली असेल तर तिथे 'डेट'ऐवजी 'डे' चालेल. शोधून-बदला करताना 'अक्षरांचा लहानमोठेपणा पाहा' आणि 'पूर्ण शब्द' या दोन्ही खुणा चालू ठेवा, नाहीतर सगळ्या प्रबंधातले 'मोअर' बदलून बसतील. आणि यंत्राने केलेलं भाषांतर असेल तर प्रत्येक आडनाव हाताने तपासा. काळे 'ब्लॅक' झालेले आणि डोळे 'आइज' झालेले मजकूर माझ्या टेबलावर आलेले आहेत.

पां. वा. काणे यांच्याबद्दल थोडं वेगळं. धर्मशास्त्राचा इतिहास इंग्रजीत पाच खंडांत लिहिणाऱ्या, १९६३ साली भारतरत्न मिळालेल्या या माणसाचं आडनाव परदेशी वाचक 'केन' असं वाचतो. अर्थाचा घोटाळा नाही, उच्चाराचा आहे. पहिल्या उल्लेखाशेजारी उच्चार देऊन टाकावा. तो कसा द्यायचा ते शेवटी सांगते.

अ की अन, मिस्टर की नुसतं

आडनावाआधी 'अ' की 'अन' हे उच्चारावरून ठरतं, अक्षरावरून नाही. आपटे 'अन', हुजूरबाजार 'अ', कारण ह उच्चारला जातो. उपाध्ये यूने सुरू होतं आणि 'युनिव्हर्सिटी'च्या सवयीने लोक 'अ' लावतात. पण आपला उच्चार 'यु' नाही, 'उ' आहे, म्हणून 'अन उपाध्ये'.

मिस्टर, मिझ, डॉक्टर यांच्यापुढे आडनाव किंवा पूर्ण नाव येतं. 'मिस्टर जयंत' हे आपलं बोलणं झालं, इंग्रजी लेखनात चालत नाही. दुसऱ्या उल्लेखापासून नुसतं आडनाव लिहिण्याची इंग्रजीत रीत आहे आणि त्यात अनादर नाही. मराठी कानाला 'नारळीकर आर्ग्यूड' टोचतं, कारण आपण 'नारळीकर म्हणाला' असं ऐकतो. इंग्रजी क्रियापदात तो एकेरीपणा नसतो. तरी मन धजत नसेल तर दर वेळी 'प्रोफेसर' लावा, पण मग लेखातल्या सगळ्या प्राध्यापकांना लावा. पुरुषांना आडनावाने आणि बायकांना पहिल्या नावाने संबोधणं मात्र मी एकदाही खपवून घेत नाही. र. धों. 'कर्वे' असतील तर इरावतीबाईही 'कर्वे'च.

त्याच घराण्यात खरी परीक्षा होते. धोंडो केशव कर्वे, त्यांचे मुलगे रघुनाथ आणि दिनकर, दिनकरांच्या पत्नी इरावती. एका परिच्छेदात चौघे आले तर नुसतं 'कर्वे' निरर्थक आहे. तिथे प्रत्येक वेळी पूर्ण नाव, किंवा पहिल्या उल्लेखानंतर चौघांनाही पहिल्या नावाने. कंसातल्या संदर्भात आडनावाआधी आद्याक्षर घाला. 'कर्वे १९५३' याऐवजी 'आय. कर्वे १९५३'. गाडगीळांचंही तसंच. 'द गाडगीळ फॉर्म्युला' म्हणजे राज्यांना केंद्रीय मदत वाटण्याचं १९६९ चं सूत्र, ते धनंजयरावांचं. 'द गाडगीळ रिपोर्ट' म्हणजे पश्चिम घाटावरचा २०११ चा अहवाल, तो त्यांचे चिरंजीव माधवरावांचा. दोन्ही एकाच लेखात आले तर पहिल्या नावाशिवाय लिहू नका.

गोवा आणि वसई

डिसोझा, डिमेलो, दिब्रिटो यांच्या इंग्रजी स्पेलिंगात डीनंतर अपॉस्ट्रॉफी असते. ती नावाचाच भाग आहे, मालकीशी तिचा संबंध नाही. उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं पुस्तक म्हणायचं तर एकाच शब्दात दोन अपॉस्ट्रॉफी येतात आणि दोन्ही राहू द्यायच्या. ऑनलाइन फॉर्म बऱ्याचदा ती खूण घेत नाहीत, मग तिकिटावर सलग नाव पडतं. तेवढ्यावरून लेखातलं नाव बदलू नये. 'दा' किंवा 'दे' सुटं लिहिणाऱ्यांचा डी लहान असेल तर मधे लहानच ठेवा, वाक्याच्या आरंभी मात्र मोठा करा.

फर्नांडिस, रॉड्रिग्ज, गोम्स, डायस यांच्या शेवटचा एस हा अनेकवचनाचा नाही. एका फर्नांडिसाचा तो काढून टाकू नका, आणि घराणं म्हणायचं तर पुढे ई-एस जोडा, पारसनीसांसारखंच. जुन्या पोर्तुगीज कागदांत प्रभू 'पोरोबो' आणि कामत 'कामोतिम' असे सापडतात. घराण्याचा इतिहास लिहिताना कागदातलं रूप एकदा द्या, मग आजचं.

उच्चार लिहून देणं

आपल्या आडनावांतला शेवटचा ई इंग्रजी वाचक गिळतो. गोखले 'गोखेल' होतात, आठवले 'आथवेल', कर्वे 'कार्व'. परिषदेत बोलायचं असेल तर संयोजकाला आधीच एका चिठ्ठीवर नाव तोडून लिहून द्या. तुकड्यांमध्ये संयोगरेषा घाला आणि शेवटच्या तुकड्याला ई न लिहिता एवाय लिहा: गोखल्यांच्या शेवटी एल-ए-वाय, कर्व्यांच्या शेवटी व्ही-ए-वाय. आठवल्यांनी चार तुकडे करावेत आणि टीएचचा उच्चार 'थिंक'मधल्यासारखा नाही एवढं बाजूला लिहावं. ळ आणि च़ इंग्रजीत येत नाहीत, त्यांचा आग्रह चिठ्ठीत धरू नये, भेटल्यावर एकदा म्हणून दाखवावं. ही तोडलेली अक्षरं स्पेलिंगची जागा घेत नाहीत, म्हणून वर मूळ स्पेलिंग ठळक लिहा. नाहीतर ओळखपत्रावर संयोगरेषांसकट छापून येतं.